गृहयुद्धातली इर्जिक: सुदानच्या गल्ल्यांनी माणसं कशी जगवली

सुदानमध्ये एक शब्द आहे, नफीर. एखाद्याचं शेत कापणीला आलंय, घराची भिंत पडलीय, पुराचं पाणी अंगणात शिरलंय आणि एकट्याच्या हातून ते काम उरकणार नाही, तर तो गावाला हाक घालतो. गाव येतं, दिवसभर राबतं. ज्याचं काम असेल तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. मजुरीचा विषयच निघत नाही. हे ऐकून आपल्याकडचा कुठलाही जुना शेतकरी म्हणेल, ‘म्हणजे आमची इर्जिकच की!’ अगदी तीच. दोन-अडीच वर्षं सुदानचं गृहयुद्ध बातम्यांतून वाचत असताना मला ते खरं समजलं ते या एका शब्दामुळे. देशातलं सरकार, बँका, इस्पितळं, नळाचं पाणी हे सगळं एकाच आठवड्यात कोसळलं, तेव्हा तिथल्या साध्या माणसांनी एकमेकांना हाक घातली. त्या हाकेवर लाखो माणसं जगली आहेत.

आधी युद्ध कशाचं, ते थोडक्यात. ओमर अल-बशीर या हुकूमशहाने १९८९ पासून तीस वर्षं सुदानवर राज्य केलं. २००३ पासून पश्चिमेकडच्या दारफूर भागातला उठाव चिरडायला त्याने जंजावीद नावाच्या घोडेस्वार टोळ्या मोकाट सोडल्या. त्याच टोळ्यांना २०१३ मध्ये गणवेश आणि नाव मिळालं, रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ. डिसेंबर २०१८ मध्ये पावाचे भाव वाढले आणि लोक रस्त्यावर उतरले. एप्रिल २०१९ मध्ये बशीर गेला, पण बंदुका गेल्या नाहीत. लष्करप्रमुख अब्देल फताह अल-बुरहान आणि आरएसएफचा म्होरक्या मोहम्मद हमदान दगालो, ज्याला सगळे हेमेदती म्हणतात, या दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२१ मध्ये नागरी सरकार उलथवलं. पुढे आरएसएफ लष्करात कधी आणि कोणाच्या हुकमाखाली विलीन व्हायची, यावरून दोघांचं फाटलं. १५ एप्रिल २०२३ च्या शनिवारी सकाळी राजधानी खार्तूममध्ये गोळीबार सुरू झाला. रमजानचा महिना होता. ईद आठवड्यावर आली होती, घराघरांत तिची तयारी चालली होती.

या दोन सेनापतींबद्दल याहून जास्त लिहायची मला गरज वाटत नाही. त्यांच्या हालचालींवर ढीगभर लिहिलं जातं.

गृहयुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दूरची सरहद्द, डोंगर, जंगल येतं. सुदानमध्ये पहिल्याच दिवशी राजधानीच रणांगण झाली. निळी नाईल आणि पांढरी नाईल जिथे मिळतात तिथे खार्तूम, ओमडुरमन आणि बहरी अशी तीन जुळी शहरं आहेत. विमानतळ शहराच्या मधोमध, लष्कराचं मुख्यालय त्याला लागून. आरएसएफचे सैनिक लोकांच्या घरांत शिरले, वरून लष्कराची विमानं बॉम्ब टाकू लागली. बहरीचं जलशुद्धीकरण केंद्र पहिल्या दिवसांतच बंद पडलं. युद्धाच्या भागातली ७० ते ८० टक्के इस्पितळं काही आठवड्यांत निकामी झाली. वकिलाती रिकाम्या झाल्या, आंतरराष्ट्रीय संस्थांची माणसं निघून गेली, सरकार तांबड्या समुद्राकाठच्या पोर्ट सुदानला हललं. आपल्या सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून सुमारे ३,८०० भारतीयांना सुखरूप आणलं. ते योग्यच होतं. पण ज्यांना न्यायला कोणतंच जहाज येणार नव्हतं अशी लाखो माणसं तिथेच राहिली. कोणाची आई अंथरुणाला खिळलेली होती, कोणाकडे बसचं भाडं नव्हतं. आणि काहीजण जाता येत असूनही मागे राहिले. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

त्यांच्या हातात होतं काय? पैसा नव्हता, हत्यार नव्हतं. त्यांच्याकडे गल्लीची माहिती होती. २०१८-१९ च्या आंदोलनात वस्तीवस्तीत ‘प्रतिकार समित्या’ उभ्या राहिल्या होत्या. विशीतली पोरं-पोरी, शिक्षक, नर्सा, बेकार इंजिनियर. मोर्चा कोणत्या रस्त्याने न्यायचा, जखमींना कोणाच्या घरात न्यायचं, कोणाच्या आईच्या अंगणातून मागच्या बोळात निघता येतं, हे त्यांना पाठ होतं. लष्कराने कितीतरी वेळा इंटरनेट बंद केलं, तेव्हा त्याशिवाय निरोप कसे पोचवायचे हेही ते शिकले होते. युद्ध सुरू झालं आणि याच समित्यांच्या बऱ्याच पोरांनी मोर्चे बाजूला ठेवून मदतीच्या याद्या करायला घेतल्या. कोणत्या घरात मधुमेहाची आजी आहे, कोणाला डायलिसिस लागतं, कुठली बाई आठव्या महिन्यात आहे, कोणाच्या विहिरीला पाणी आहे. हे शौर्य एका सकाळी आकाशातून पडलेलं नव्हतं. त्यामागे दहा वर्षांची मशागत होती.

त्या मशागतीतली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. खार्तूममध्ये इस्पितळांच्या रस्त्यावर काही तरुण रोज संध्याकाळी जमायचे. गरिबांच्या आजारी मुलांना लागणारी औषधं वर्गणी काढून आणून द्यायची, एवढंच त्यांचं काम. बसायला जागा नव्हती, म्हणून एका चहावालीच्या टपरीभोवती बसत. सुदानमध्ये रस्त्याकडेला कोळशाच्या शेगडीवर चहा-कॉफी विकणाऱ्या बायका सगळीकडे दिसतात. बहुतेक गरीब, कितीतरीजणी आधीच्या युद्धांतून विस्थापित होऊन शहरात आलेल्या. नगरपालिकेची माणसं त्यांची भांडी जप्त करत. ही बाई त्या तरुणांचे निरोप ठेवायची, पैसेही सांभाळायची. पुढे त्या तरुणांनी देणग्या जमवून मुलांच्या इस्पितळात अतिदक्षता विभाग उभा केला. २०१५ मध्ये त्याच्या उद्‌घाटनाची फीत कापायला त्यांनी कोणा मंत्र्याला बोलावलं नाही, त्या चहावालीला बोलावलं. काही प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. पण एका पिढीने ते पाहिलं, आणि मदतीचं काम कोणाच्या मालकीचं असतं हे तिला कळलं.

युद्धात या जाळ्याला नाव पडलं ‘गुरफ अत-तवारी’. गुर्फा म्हणजे खोली आणि तवारी म्हणजे आणीबाणी. बाहेरचं जग त्यांना आपत्कालीन कक्ष म्हणतं. पण शब्द खोलीचा आहे हे लक्षात ठेवावं, कारण बऱ्याच ठिकाणी ती खरोखर कोणाच्या तरी घरातली, बंद शाळेतली किंवा मशिदीच्या कडेची एक खोलीच असते. प्रत्येक वस्तीची आपली खोली. कोणी स्वयंपाकघर पाहतं, कोणी औषधं, कोणी सुरक्षित वाट काढून माणसांना शहराबाहेर पोचवायचं काम. बायकांच्या वेगळ्या खोल्या आहेत. बलात्कार झालेल्या मुली कोणाजवळ बोलणार, बाळंतिणीला रात्री गोळीबारात सुईण कशी मिळणार, हे पुरुषांच्या बैठकीत पुरतं उमगत नाही म्हणून. शेजारच्या खोल्या मिळून विभागाची, विभाग मिळून प्रांताची, अशी रचना. पण कोणत्या गल्लीत काय हवंय हे ती गल्लीच ठरवते. वरून हुकूम येत नाही.

आता त्या स्वयंपाकघरात डोकावू. त्याला तिथे तकिया म्हणतात. फकिराचा तकिया आपल्याही बोलीत आहे. सुदानमध्ये सूफी संतांच्या ठिकाणी वाटसरूला, विद्यार्थ्याला, भुकेल्याला जेवण मिळतं, त्या अन्नछत्राचं हे नाव. रमजानमध्ये तिथे लोक ताटं घेऊन घराबाहेर रस्त्यावर बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला आग्रहाने थांबवून रोजा सोडायला लावतात. युद्धात हीच रीत वर्षभराची झाली. गॅस मिळत नाही, म्हणून तीन दगड मांडायचे, त्यावर कंबरेएवढं पातेलं, खाली लाकूड. लाकडाला मोडके दरवाजे, फर्निचर, झाडाच्या फांद्या. पातेल्यात मसूर, नाहीतर फूल, म्हणजे घेवड्यासारखं मोठं कडधान्य, कधी भात, कधी ज्वारीच्या पिठाची असीदा. ज्वारी तिथल्याही गरिबाचं धान्य आहे. असीदा म्हणजे आपली घट्ट उकडच समजा. सकाळपासून पोरं भांडी रांगेत लावतात. प्लॅस्टिकची बादली, डालड्याचा रिकामा डबा, झाकण हरवलेला कुकर. माणसं सावलीत थांबतात, भांडी रांगेत उभी राहतात, कारण एका जागी गर्दी दिसली की वरून ड्रोन येऊ शकतं. वाढणारी बाई भांडं बघून ओळखते हे कोणाचं, घरात खाणारी तोंडं किती. तेवढे डाव पडतात. बऱ्याच घरांत दिवसाचं ते एकच जेवण. पैसे कमी पडले की आठवड्यातून तीनदाच चूल पेटते.

पैसे येतात कुठून, हा या सगळ्यातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात कमी सांगितला गेलेला. सुरुवातीचा पैसा आला सुदानी माणसांच्याच खिशातून. सौदी, आखात, ब्रिटन, अमेरिकेत राहणाऱ्या भावाबहिणींकडून. बँकांच्या शाखा लुटल्या गेल्या होत्या, पण बँक ऑफ खार्तूमचं ‘बंकक’ नावाचं मोबाईल अ‍ॅप चालू राहिलं. आपण भाजीवाल्याला यूपीआय करतो तसं समजा. लंडनमधला भाऊ तिथल्या एका ओळखीच्या माणसाला पाउंड देतो, तो माणूस सुदानमध्ये आपल्या खात्यातून खोलीच्या खात्यात तेवढे सुदानी पाउंड टाकतो, खोलीचा खजिनदार दुकानदाराला बंकक करतो, दुकानदार डाळीचं पोतं देतो. नोटा हातात घ्यायच्याच असतील तर दलाली जाते, आणि वेढ्यातल्या शहरांत ती फार मोठी असते. डिसेंबर २०२४ मध्ये लष्कराच्या सरकारने नव्या नोटा काढल्या. आरएसएफच्या ताब्यातल्या भागांत त्या चालेनात, लष्कराच्या भागात जुन्या बाद झाल्या. अशा देशात खजिनदार असणं काय असेल? प्रत्येक पोत्याची पावती, प्रत्येक पावतीचा फोटो, किती पातेली शिजली आणि किती घरांना गेली याची वही. गोळ्यांच्या आवाजात रात्री बॅटरीच्या उजेडात कोणीतरी हा हिशेब लिहीत असतं, कारण उद्या परदेशातल्या कोणालाही ‘माझे पैसे कुठे गेले’ असं विचारावं लागू नये. धाडस म्हणजे छातीवर गोळी झेलणं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला त्या वहीत तेवढंच धाडस दिसतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये देशाच्या मोठ्या भागात मोबाईलचं जाळंच बंद पडलं. बंकक बंद, म्हणजे डाळ बंद. खार्तूममधल्या शेकडो चुली त्या दिवसांत विझल्या. मग काही ठिकाणी उपग्रहावरून चालणारं इंटरनेट आलं. तेही बहुतेक बंदूकवाल्यांच्याच हातात, मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजून वापरायचं. तिथवर चालत जायचं, नाक्यावर तपासणी द्यायची, फोन हिसकावला जाणार नाही अशी प्रार्थना करायची, पैसे आले का पाहायचं आणि परत यायचं. एवढ्या एका फेरीवर शेकडो घरांचं जेवण टांगलेलं.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ओमडुरमनच्या उत्तरेला अल-नाव नावाचं इस्पितळ आहे. आजूबाजूची इस्पितळं बंद पडत गेली तसा सगळा भार याच्यावर आला. त्याच्यावर स्वतःवरही अनेकदा तोफगोळे पडले. तिथे राहून काम करणारे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. जमाल अल-तय्यब. १ फेब्रुवारी २०२५ ला जवळच्या साबरीन बाजारावर तोफमारा झाला, पन्नासहून अधिक माणसं मेली, दीडशेहून अधिक जखमी झाली. ते सगळे या एका दारातून आत आले. खाटा संपल्या की फरशी, फरशी संपली की अंगण. भूल द्यायचं औषध पुरत नसताना हातपाय कापायचे निर्णय उभ्याउभ्या घ्यायचे. २०२५ मध्ये त्यांना मानवतेच्या कामासाठी दिला जाणारा अरोरा पुरस्कार मिळाला, पण त्याच इस्पितळात रक्त पुसणाऱ्या, जनरेटरला डिझेल आणणाऱ्या, वेळेवर पगार न मिळताही रोज येणाऱ्या माणसांची नावं कोणत्याही मानपत्रात येणार नाहीत. सुदानचेच डॉ. बुशरा इब्नौफ सुलेमान अमेरिकेतली चांगली प्रॅक्टिस असलेले. आजारी वडिलांसाठी खार्तूममध्ये होते. युद्धाच्या पहिल्या दहा दिवसांत जखमींवर उपचार करत राहिले आणि एप्रिल २०२३ मध्येच घराबाहेर, कुटुंबाच्या डोळ्यांदेखत भोसकले गेले.

आणि मायगोमा. खार्तूममधला हा सरकारी अनाथाश्रम, टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांचा. युद्ध पेटल्यावर बहुतेक दायांना कामावर पोचताच येईना. मोजक्या बायका आणि डॉक्टर आत अडकले, शेकडो बाळं. दर तीन तासांनी दूध पाजायला हात पुरेनात. वीज नाही, एप्रिल-मेची आग. सहा आठवड्यांत साठांवर मुलं मेली, बरीचशी बॉम्बने नाही, भुकेने आणि तापाने. ७ जून २०२३ ला रेडक्रॉसने उरलेल्या सुमारे २८० मुलांना आणि सांभाळणाऱ्या ७० जणांना बाहेर काढलं. हे लिहिताना त्या सत्तरांतल्या बायकांचा विचार मनातून जात नाही. आपली स्वतःची लेकरं घरी कशी आहेत हे माहीत नसताना दुसऱ्याची, कोणाचीच नसलेली लेकरं मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या.

या सगळ्याची किंमत काय पडली, हे सांगितल्याशिवाय ‘त्याग’ हा शब्द वापरू नये. स्वयंसेवक कोणाच्याच बाजूचे नाहीत, आणि गृहयुद्धात सगळ्यात धोक्याची जागा तीच. आरएसएफच्या ताब्यातल्या वस्तीत चूल चालवायची तर त्यांच्या नाक्यावरून पीठ न्यावं लागतं. त्यांना वाटतं हा पोरगा लष्कराचा खबऱ्या. लष्कर परत आलं की विचारतं, शत्रूच्या राज्यात तू जिवंत कसा राहिलास, त्यांना खाऊ घातलंस ना? मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्तूम परत घेतलं, तेव्हा दोन वर्षं वस्ती जगवणाऱ्या कित्येकांना याच आरोपाखाली लपावं लागलं. दोन्ही बाजूंनी धरपकड केली, छळ केला, ठार मारलं. आधीची ओळख प्रतिकार समितीची असेल तर संशय दुप्पट. प्रेतं पुरणाऱ्या पोरांनाही हे चुकलं नाही. स्मशानापर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून शाळेच्या आवारात, मैदानात, अंगणात त्यांनी अनोळखी माणसं पुरली आणि कोण कुठे आहे याची नोंद ठेवली, घरचे कधीतरी शोधत येतील म्हणून.

परदेशी मदतही आली, उशिरा आणि बिचकत. मोठ्या संस्थांना नोंदणी, करार, लेखापरीक्षण हवं असतं, गल्लीतल्या खोलीकडे शिक्कासुद्धा नसतो. तरी हळूहळू विश्वास बसला. अमेरिकेचा पैसा यायला लागला आणि चुली वाढल्या. मग जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जगभरची मदत एका आदेशाने थांबवली. सुदानमधली अशी १,१०० हून अधिक स्वयंपाकघरं बंद पडली, म्हणजे पाचातली जवळपास चार. दुसऱ्या दिवशीही भांडी रांगेत होतीच. त्याच वर्षी या खोल्यांना नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार आणि स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, शांततेच्या नोबेलसाठीही त्यांचं नाव घेतलं गेलं. गौरव होत होता तेव्हा पातेली रिकामी होती. याचा मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

सुदानशी आपलं एक जुनं देणंही आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमटाची मुख्य इमारत सगळ्यांनी चित्रांत पाहिलेली असते. तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंड दिले होते, त्यातून भारताच्या वाट्याला आलेल्या रकमेवर ती उभी राहिली. १९५९ मध्ये तिचं उद्‌घाटन सुदानच्या राजदूतांनी केलं. पुण्याच्या महाविद्यालयांत सुदानी विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या शिकून गेल्या आहेत. म्हणजे ओमडुरमनच्या एखाद्या खोलीत हिशेबाची वही लिहिणाऱ्याला ‘किती झाले?’ एवढं मराठी येत असेल, हे अगदीच अशक्य नाही.

आता अल-फाशर. दारफूरमधलं लष्कराच्या हातातलं हे शेवटचं मोठं शहर. मे २०२४ मध्ये आरएसएफने वेढा घातला, पुढे शहराभोवती मैलोन्‌मैल मातीचा बांध उभारला. जवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. एप्रिल २०२५ मध्ये छावणीवर हल्ला झाला, तेव्हा तिथल्या दवाखान्यातल्या नऊ जणांना मारण्यात आलं. त्यांत डॉक्टर होते आणि रुग्णांना ने-आण करणारे ड्रायव्हरही. शहरात धान्य संपलं तेव्हा स्वयंपाकघरांत अंबाज शिजू लागला. अंबाज म्हणजे शेंगदाण्याची पेंड. आपण ती गाईम्हशींपुढे ठेवतो. ती भिजवून, उकळून, चिमूटभर मीठ घालून मुलांना वाढायचे. पुढे पुढे पेंडही मिळेना. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं. त्यानंतर तिथे जी कत्तल झाली, प्रसूतिगृहातल्या रुग्णांनाही सोडलं नाही, ती जगाने उपग्रहाच्या चित्रांत पाहिली.

जे निसटले ते रात्री चालत पश्चिमेला तविला गावाच्या दिशेने निघाले. साठ-सत्तर किलोमीटर. वाटेत लुटले गेले, पुरुष वेगळे काढले गेले. जे पोचले त्यांच्यापुढे काटक्यांच्या कुंपणाआडच्या झोपड्यांचं अफाट माळरान होतं, आणि मधूनमधून तीन दगडांवर पातेली. एप्रिलमध्ये झमझममधून हाकलले गेलेले लोक तिथे आधीच होते. त्यांच्यातल्याच काहींनी चूल मांडली होती. नवं माणूस आलं की आधी पाणी द्यायचे, मग भांडं आहे का विचारायचे. पळताना कोणी भांडं घेऊन निघत नाही, म्हणून रांगेतलंच कोणीतरी आपलं भांडं रिकामं करून पुढे करायचं.